पात्र उभं करताना आजोबांचं मरण कशाला आठवायचं?

किरण_डोंबिवली

नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या दादरला एका शाळेच्या वर्गात एकांकिकेची तालीम चालू आहे, रोज सात ते दहा. माझं वय २१ आणि भूमिका सत्तरीच्या गिरणी कामगाराची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा हा माणूस ऐन उमेदीत, विणाई खात्यात. परत कामावर गेलाच नाही. आता लालबागच्या खोलीत मुलासुनेबरोबर राहतो. एका रात्री मुलगा सांगतो की खोलीचा व्यवहार ठरला. त्यावर याला एकच शब्द आहे, "बघू."

तो "बघू" मला सापडत नव्हता. त्याच सुमारास एका अभिनय शिबिराला गेलो. तिथे दिवे घालवून जमिनीवर झोपवलं आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठवायला लावलं. माझे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी ती रात्र आठवली. दुसऱ्या दिवशी तालमीत "बघू" म्हणताना ढसाढसा रडलो. सगळे सुन्न झाले, दोघांनी मिठी मारली. चौथ्या तालमीला काहीच आलं नाही. सातव्या तालमीला मी डोळ्यांत पाणी यायची वाट बघत उभा, आणि मुलाचं काम करणारा मित्र पुढचं वाक्य दोनदा बोलला तरी मला पत्ता नाही. घरी गेल्यावर झोप नाही. आता आजोबा आठवले की आधी तो प्रवेश आठवतो. हे मला सहन होत नाही.

शेवटी लालबागच्या एका जुन्या विणकरांकडे तीन रविवार जाऊन बसलो. खात्यात लूमचा इतका आवाज असायचा की शेजारच्याशी बोलायचं तर ओठांकडे आणि हातांकडे बघूनच. वर्षानुवर्षं तसं काम करून कान गेले. आजही समोरचा बोलायला लागला की ते डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. तुटलेला धागा कसा सांधायचा ते त्यांनी मला दाखवलं. डाव्या हाताची दोन बोटं, अंगठा, एक गिरकी, झाली गाठ. माझ्या डोळ्याला ती दिसलीही नाही. जुन्या मागांवर आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा ओढून घ्यायला तोंड लावायचे, तेही करून दाखवलं. ओठ आवळून एक बारीक श्वास आत. मी शिवणाचा दोरा घेऊन आठवडाभर लोकलमध्ये, डोंबिवली ते दादर, गाठी मारत होतो.

आणि प्रवेश बदलला. मुलगा ते वाक्य पाठ फिरवून बोलतो, शरमेने. म्हणजे माझ्या म्हाताऱ्याला ते ऐकूच गेलेलं नाही! "बघू" हे न ऐकलेल्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे. मी रडत नाही. समोर बसलेली आमची लाइटवाली मुलगी रडली.

माझं स्पष्ट मत: भावनिक स्मृतीचा, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणीतून भूमिकेची भावना काढण्याचा, प्रयोग विद्यार्थ्यांवर करू नये. काम, सवय, शरीर इथून सुरुवात करावी. बाकीचं मागून येतं.

तिसरी_घंटा

शंभर टक्के सहमत. इतिहासही तुमच्याच बाजूने आहे. भावनिक स्मृतीची कल्पना मूळ रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींची. अमेरिकेत अभिनय शिकवणारे ली स्ट्रासबर्ग तिच्यावर भर देत होते. १९३४ साली अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लाव्हस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन सांगितलं की गुरुजी आता भर देतात तो नाटकातल्या परिस्थितीवर आणि कल्पनेवर, स्वतःच्या जखमांवर नाही. शेवटच्या वर्षांत तर स्तानिस्लाव्हस्की शारीरिक कृतींवरच काम करत होते. आपल्याकडे मात्र त्यांची पहिली बाराखडीच अजून घोटून घेतात.

संघातली_शेवटची_रांग

किरण, तुझ्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

पहिलं म्हणजे, शिबिरात तुझ्याकडून जे करून घेतलं ती भावनिक स्मृती नव्हेच. दुःख आठव, असं कधीच सांगायचं नसतं. त्या खोलीतला उजेड कसा होता, चादर हाताला कशी लागत होती, वास कसला होता, असं इंद्रियांच्या वाटेने जायचं. भावना आली तर आली. आणि स्ट्रासबर्ग सांगत की आठवण निदान सात वर्षं जुनी हवी. दोन वर्षांच्या ओल्या जखमेत हात घालायला लावणं हा शिकवणाऱ्याचा गुन्हा आहे. त्यासाठी पद्धतीला फाशी देऊ नकोस.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तू धोट्याला तोंड लावायचं शिकलास. पण कोणाचं तोंड? त्याच कृतीवरून मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात दलितांना घेत नसत. त्यांच्या उष्ट्या धाग्याला आपलं तोंड लागेल, असं सवर्ण कामगार म्हणत, म्हणून. विणाईत पगार जास्त, आणि तेच दार बंद. १९२८-२९च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला होता. तुझा म्हातारा त्यानंतर दोन पिढ्यांनी आला, कबूल. पण ज्या खात्यात तो बसला त्याची ही पूर्वपीठिका आहे. तो कोणत्या घरातून आला? त्याच्या बापाला हे काम मिळालं असतं का? त्याचं उत्तर तुझ्या बोटांत नाही. ते तुला आतच शोधावं लागेल, आणि ते बदललं की तोच श्वास वेगळा होईल. तोवर तुझ्याकडे आहे ती उत्तम नक्कल. नक्कल म्हणजे अभिनय नव्हे.

रविवारचे_तीन

व्यावसायिकवर काम करतो म्हणून लिहितो. रविवारी दुपारी शिवाजी मंदिर, मग दीनानाथ, रात्री गडकरी. तिसऱ्या प्रयोगाला कोणाचे आजोबा पुरणार? माझ्या समोरचा एक नट खरोखर रडायचा. त्या दिवशी त्याला रडू आलं तर पुढचं वाक्य कधी येईल ते देवाला ठाऊक, आणि नाही आलं तर माझ्यावर चिडायचा. प्रेक्षकांना तो थोर वाटायचा. मला त्याच्याबरोबर एकट्यानेच काम केल्यासारखं वाटायचं. किरणला मित्राचं वाक्य ऐकू आलं नाही, मुद्दा तिथेच संपला. ऐकणं गेलं की सगळं गेलं.

आंगिक_वाचिक

पण मन बाजूला ठेवून चालतं असं म्हणू नका. नाट्यशास्त्रात भरताने आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) यांच्याबरोबर सात्त्विक, म्हणजे मनातून उमटणारा, अभिनय वेगळा सांगितला, तो उगाच नाही. स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथू (कापरं), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). हे आठही शरीरावरच दिसतात, तरी भरत म्हणतो की सत्त्व मनाच्या एकाग्रतेतून निपजतं. किरणने आठवडाभर लोकलच्या गर्दीत दोऱ्याला गाठी मारल्या, ती एकाग्रताच होती. तो ज्याला "बाहेरून" म्हणतोय ते मला पूर्णपणे बाहेरचं वाटत नाही.

तिसरी_घंटा

@संघातली_शेवटची_रांग, तुमचा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे, पण तो भावनिक स्मृतीच्या बाजूचा कुठे आहे? म्हाताऱ्याचं घर कोणतं, बाप कोण, खात्यात कोणाला प्रवेश होता, ही सगळी नाटकातली परिस्थिती झाली. ती वाचून, विचारून, कल्पनेने कळते. त्यासाठी किरणला स्वतःच्या आजोबांना परत मारायची गरज नाही.

संघातली_शेवटची_रांग

कळते, पण लागत नाही. माहिती आणि बोच यांत अंतर आहे. कधीतरी कुठल्यातरी दारातून आपल्यालाही परत पाठवलेलं असतं. नटाने ते स्वतःच्या आयुष्यात शोधलं नाही तर त्याच्या अभ्यासाचं प्रेक्षक कौतुक करतील, आणि तेवढंच. मी मतावर ठाम आहे. जखम जुनी हवी, शिकवणारा जबाबदार हवा, एवढंच.

किरण_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. नक्कल हा शब्द लागला, पण रात्रभर डोक्यात राहिला. मी त्या काकांना बोटं विचारली, कान विचारले. खात्यात कोण होतं आणि कोण नव्हतं, हे तीन रविवारांत एकदाही विचारलं नाही.

काल परत गेलो. चाळीची गॅलरी, सगळी दारं उघडी, शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत बसलेल्या. मी हळू आवाजात विचारलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं नाही. म्हणाले, "मोठ्याने बोल."

मला तो प्रश्न मोठ्याने विचारता आला नाही. मी म्हटलं, "काही नाही, चहा झाला का?" त्यांनी बराच वेळ माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही. मग म्हणाले, "बघू."

आज तालमीत दिग्दर्शकाला हे सगळं सांगितलं. तो प्रवेश आम्ही सोमवारपासून पुन्हा बसवतोय.