नृसिंहवाडीजवळचं घर पुन्हा तिथंच बांधू का?

प्रश्न : २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत पाणी घरात. मातीच्या भिंती आता गेल्याच. आई म्हणते, मळा इथं, म्हशी इथं, जायचं कुठं? तिला पुन्हा बोटीत बसवायची माझी छाती होत नाही.

उत्तर : दादा, तुमच्या वरच्या अंगाला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. जोतं किती उचलणार?

उत्तर : आमच्याकडं कोल्हापूरजवळच्या चिखलीला १९८९ च्या पुरानंतर उंचावरच्या सोनतळीला प्लॉट मिळाले. तरी बरेच जण खालीच राहिले, कारण जनावरं आणि शेत खाली. नुसतं घर हलवून भागत नाही. आधी गोठा माळावर न्या.

प्रश्नकर्ता : गोठा वर गेला तर आई येईल, हे खरंय. वैरण रोज मी वाहीन.