सकाळी बेल्ट किंचाळतोय, आत्ताच बदलू का थांबू?

रंकाळावाला: मंडळी, २०१३ ची डिझेल गाडी हाय. पाऊस सुरू झाल्यापासनं सकाळी स्टार्टर मारला की बोनेटमधनं, इंजिनावर बाहेरनं फिरून चार्जिंग, एसी चालवणाऱ्या बेल्टचा चींSS करून आवाज येतोय, गल्लीतली कुत्री उठतात. दोन मिनिटात गप्प, एसी लावला की परत चालू. एका गॅरेजवाल्यानं बेल्टवर स्प्रे मारून दिला, चार दिवस शांत, पुन्हा तेच. बेल्टवर भेग एकपण नाही. रविवारी गगनबावड्याला जायचं ठरलंय.

पाना_१२: भावा भेगा शोधत बसू नको. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट चिरायचे, आता बहुतेक ईपीडीएम रबराचे येतात, ते टायरगत झिजतात, चिरा न पडता. इंजिन बंद, चावी खिशात, मग बेल्ट जरा पिळून आतल्या खाचा टॉर्चनं बघ. झिजला असला की खाचा रुंद होतात, पुलीची धार तळाला टेकते आणि बाजूची पकड जाते, मग ओल लागली की घसरणारच. आणि तो स्प्रे परत मारू देऊ नको, चिकट होऊन धूळ धरतोय नुसता.

घाटवेडा: टायमिंग बेल्टपण बदलून टाक एकदमच

पाना_१२: त्याचा ह्याच्याशी काय संबंध, तो इंजिनच्या आतल्या भागांचा मेळ राखतोय, आत कव्हरमध्ये असतोय. त्याचा वेगळा हिशोब, उगं खर्चात पाडू नका त्याला.

उद्यमनगरी: बेल्ट घ्यायच्या आधी एक बघा. आवाज चालू असताना लांबनं बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी शिंपडा, बाह्या सावरून. आवाज वाढला तर ताण कमी पडतोय, क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाही. दुसऱ्या केसमध्ये नुसता बेल्ट घालून पैसे पाण्यात.

रंकाळावाला: पाणी मारलं, आवाज डबल झाला. खाचापण रुंद दिसाय लागल्यात. बेल्टवर ६ पीके आणि पुढं चार आकडे हाईत, तेवढं सांगितलं की दुकानदार देतोय का?

उद्यमनगरी: ६ म्हणजे सहा धारा, पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. तरी जुना बेल्ट सोबत न्या. काढायच्या आधी कुठनं कसा फिरलाय त्याचा फोटो काढा, आणि बेल्ट निघाला की टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) हातानं फिरवून बघा, घरघर करत असतील तर तेपण बदला, नायतर नवा बेल्टपण खाऊन टाकतील.

पाना_१२: आणि रविवारच्या आधीच कर. वाटेत तुटला तर बॅटरीचं चार्जिंग बंद, हायड्रॉलिक असंल तर स्टिअरिंग जड, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असला तर इंजिन तापतंय. गगनबावड्याच्या पावसात कोण थांबणार मदतीला.