घरातली गुरुवारची प्रार्थनासभा: चालू ठेवायची की चर्चमध्ये हलवायची? (मिरज)

मिरजेची_सिस्टर

सर्वांना सलाम आणि नमस्कार. विषय सरळच मांडते. आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते, सासूबाईंनी सुरू केलेली, त्या गेल्या तरी आम्ही चालू ठेवली. दोन-तीन गायनं, एक वचन, आजारी माणसांसाठी प्रार्थना, मग चहा आणि भडंग, की संपलं. लाऊडस्पीकर नाही, एक ढोलकी आणि खंजिरी, ती पण नवाच्या आत बंद. येणारे बहुतेक आमच्याच चर्चचे, पण दोन-चार जणी ख्रिस्ती नाहीत. त्यातली एक मुलाची दारू सुटावी म्हणून प्रार्थना सांगायला येते. घरातला दिवा लावून, हळदीकुंकू लावून येते, तशीच बसते, तशीच जाते, तिला आमच्यातल्या कुणी कधी एका शब्दानं काही म्हटलेलं नाही.

मध्यंतरी सभा चालू असताना काही पोरं आली. आधी दारातल्या चपलांचं शूटिंग केलं, मग आत येऊन एकेकाच्या तोंडासमोर मोबाईल धरून नाव सांगा, गाव सांगा, मूळचा धर्म कुठला, तुम्हाला इथं काय देतात. त्या बाईनं तोंडावर पदर ओढला आणि स्वयंपाकघरातून मागच्या दारानं निघून गेली. त्यानंतर आलेली नाही. आता गल्लीतले लोक म्हणतात वहिनी तुमचं काही चुकत नाही पण वातावरण बघताय ना, थोडे दिवस बंद ठेवा. आणि आमच्या चर्च कमिटीतले पण तेच म्हणायला लागलेत, की सभा चर्चमध्ये घ्या, घरात नको.

माझं मत, बंद करायची नाही आणि हलवायची पण नाही. आणि काही घरांत आता पडदे ओढून, चपला आत घेऊन, ढोलकी न वाजवता सभा घेतात तसं पण करायचं नाही. दार उघडं ठेवायचं, शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं की या, बसा, ऐका. बायबलमधल्या दानीएलला माहीत होतं की राजाची मनाई निघालीय तरी त्यानं यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच ठेवून रोजच्यासारखी प्रार्थना केली, नवीन काही केलं नाही, कुणाला डिवचायला केलं नाही, जे आधी करत होता तेच केलं. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा.

जुना_मंडळीवाला

सलाम ताई. तुमचं धाडस मान्य पण मी तुमच्या विरुद्ध मताचा आहे. प्रभूनं स्वतः सांगितलंय की प्रार्थना करताना खोलीत जा आणि दार लावून घे (मत्तय 6). दार उघडं ठेवून दाखवायची काही गरज नाही. आमचे वडील मिरजेच्या मिशन दवाखान्यात होते. 1894 ला डॉ. वानलेस यांनी तो सुरू केला, कर्नाटकातून, कोकणातून माणसं बैलगाडीनं ऑपरेशनला यायची असं आम्ही ऐकत मोठे झालो. या भागात ख्रिस्ती माणसाला जो मान मिळाला तो सेवेनं मिळाला, घराघरात सभा भरवून नाही. आपण राज्यात एक टक्का पण नाही, 2011 च्या जनगणनेत सगळे मिळून साधारण 10 लाख 80 हजार. इतक्या थोड्या लोकांनी हट्ट करायचा नसतो. चर्चची वास्तू आहे, तिथं कुणी बोट ठेवू शकत नाही, तिथं घ्या ना सभा. मिरजेनं 2009 ची दंगल बघितलीय, एका कमानीवरून किती दिवस शहर बंद होतं आठवा. शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा असं यिर्मया संदेष्टा बंदिवानांना लिहितो, त्यात शांती भंग होणार नाही एवढं बघणं पण आलंच.

कृष्णाकाठ

काका आदर ठेवून बोलतो. दार लावून प्रार्थना कर हे वचन दिखाऊपणाबद्दल आहे, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून लोकांना दाखवणाऱ्यांबद्दल आहे, भीतीनं दार लावा असं त्यात कुठंय? बायबलमध्ये पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या घरातच होत्या, फिलेमोनाच्या घरात होती, अक्विला-प्रिस्किल्लेच्या घरात होती, चर्चच्या वास्तू लई नंतर आल्या. आणि आज घर सोडा म्हणाले म्हणून चर्चमध्ये गेलो तर उद्या चर्चच्या गेटवर मोबाईल घेऊन उभे राहणार नाहीत कशावरून? जून 2025 ला आपल्याच सांगलीत एका आमदारानं पाद्र्यांना मारहाण करणाऱ्याला लाखांची बक्षिसं देण्याची भाषा जाहीर सभेत केली, त्यानंतर राज्यभर मोर्चे निघाले ते उगाच का. तेव्हा तो चर्चमधला पाळक आणि घरातला पाळक असा फरक करत नव्हता.

विश्रामबाग_सांगली

मी हिंदू आहे, विषय समोर आला म्हणून लिहितोय. त्या भाषणाचं समर्थन कुठलाच शहाणा माणूस करणार नाही, आणि पोरांनी घरात घुसून शूटिंग करणं चूकच. पण हा राग नुसता पक्षवाल्यांनी पेटवलेला नाही, हे पण तुम्ही ऐकून घ्या.

माझ्या सख्ख्या मावशीचं सांगतो. शुगरची पेशंट. कुठल्यातरी चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करतो म्हणणाऱ्यांच्या सभेला जायला लागली, घरच्यांनी अडवलं नाही, मन रमतंय तर जाऊ दे म्हटलं. तिथं तिला सांगितलं की गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं. तिनं गोळ्या बंद केल्या, कुणाला सांगितलं नाही, डबीत तशाच भरलेल्या सापडल्या. पायाची दोन बोटं काढावी लागली. वर घरातले देव सैतानाचे आहेत म्हणून तिनं आजीच्या हातचा टाक कृष्णेत सोडला, तो माझ्या आईला अजून लागून राहिलाय. आता मला सांगा, आमच्या गल्लीत गुरुवारी ढोलकी वाजली की माझी आई दार लावून घेते त्यात तिचं काय चुकलं? शेजारच्या सातारचे डॉ. दाभोलकर आयुष्यभर अशाच गोष्टींविरुद्ध लढले, बुवा हिंदू असो नाहीतर कुणी असो, 2013 ला त्यांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला. तो पाद्र्यांना पण लागू आहे. तुमच्यातले किती जण अशा सभांविरुद्ध उघड बोललेत?

मिरजेची_सिस्टर

दादा तुमच्या मावशींचं वाचून वाईट वाटलं आणि राग पण आला, तुमच्यावर नाही, सांगणाऱ्यावर. मी वॉर्डात काम करते, डायबेटिसचा पाय कसा काळा पडत जातो ते रोज बघते. बायबलमध्ये आजाऱ्यासाठी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं याकोब लिहितो, औषध टाकून द्या असं तो लिहीत नाही. लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. ज्यांनी या जिल्ह्यात दवाखाने काढले त्यांच्या विश्वासात गोळी आणि प्रार्थना दोन्ही होतं. आमच्या सभेत कुणी आजाराची चिठ्ठी दिली की मी आधी विचारते डॉक्टरला दाखवलं का, फाईल घेऊन या. आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोलणं आमच्या घरात चालत नाही. पेत्र सांगतो आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेनं आणि आदरानं.

चंगाईवाल्यांविरुद्ध आमच्या लोकांनी व्यासपीठावरून बोललं पाहिजे हे तुमचं शंभर टक्के बरोबर. पण म्हणूनच तर दार उघडं ठेवायचं म्हणते. तुमच्या आईंना आणा एकदा. पटलं नाही तर तोंडावर सांगू द्या.

तासगावकडचा

सिस्टर तुमची भावना चांगली आहे पण उघड्या दाराची किंमत कोण देतं ते बघा. तुम्ही दोन-तीन पिढ्या ख्रिस्ती, नावं ख्रिस्ती, दाखल्यावर ख्रिस्ती, तुमचं शूटिंग झालं तर तुम्हाला मनस्ताप होईल, बाकी काही जाणार नाही. आमच्या वस्तीतला माणूस सभेला बसतो तेव्हा त्याच्या कागदावर हिंदू मांग नाहीतर हिंदू महार असतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना, मग 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. तो व्हिडिओ फिरला आणि कुणी तक्रार केली तर पोराची स्कॉलरशिप, पोरीची नोकरी, बायकोची ग्रामपंचायतीची राखीव सीट सगळं टांगणीला. त्याला नाव विचारलं म्हणजे नुसतं नाव विचारलं नाही. तुमची ती बाई मागच्या दारानं का गेली याचा विचार करा.

विश्रामबाग_सांगली

मग सवलत घेताना हिंदू आणि गुरुवारी ख्रिस्ती, हे प्रामाणिक आहे का? नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या एका केसमध्ये सांगितलंच की बाप्तिस्मा झालेला, चर्चला नियमित जाणारा माणूस फक्त आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवत असेल तर ती राज्यघटनेशी फसवणूक आहे.

तासगावकडचा

बाप्तिस्मा झालेल्याबद्दल आहे ते. आमच्यातले निम्म्याहून जास्त नुसते येऊन बसतात, ऐकतात, त्यांचं अजून काही ठरलेलं नाही. वारीला पण जातात, चर्चला पण येतात. एखाद्याला प्रार्थनेनं बरं वाटलं म्हणून तो बसला तर लगेच त्याचा धर्म कुठला ते मोबाईलवाल्या पोरांनी ठरवायचं? आणि प्रामाणिकपणाचंच म्हणाल तर ज्यांनी खरोखर बाप्तिस्मा घेतला, दाखला सोडला, त्यांची जात सुटली का? गावात वस्ती तीच, लग्न जमवताना प्रश्न तोच, आणि कडू बोलतो पण आपल्या जुन्या चर्चमध्ये पण सोयरीक बघताना आडनाव विचारतातच. जुना मंडळीवाला काका म्हणतात चर्चमध्ये या. आमचे लोक तिथं मागच्या बाकावर बसून परत आलेत. घरातल्या सभेत खाली सतरंजीवर सगळे सारखे बसतात म्हणून तिथं येतात.

जुना_मंडळीवाला

बाकाचं बोललात ते खोटं नाही. पण त्याचा उपाय चर्च सुधारणं आहे, चर्चपासून लांब जाणं नाही. आणि तुम्हीच सांगताय की व्हिडिओनं गरीब माणूस अडचणीत येतो, मग तर माझं म्हणणं जास्तच पटायला पाहिजे, की जिथं जोखीम कमी तिथं सभा घ्या.

साताऱ्याहून

ना. वा. टिळकांची आठवण कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. चित्पावन घरातला कवी, 1895 ला बाप्तिस्मा घेतला, तुकोबांच्या अभंगातून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचा. 1917 ला मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यातच देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती, कीर्तन व्हायचं, अभंग व्हायचे, परदेशी थाटाची गरज नाही असं ते म्हणत. 1919 ला ते गेले, दरबार फार टिकला नाही, पण सिस्टरच्या घरातली हळदीकुंकू लावून बसणारी बाई बघितली तर ती त्याच दरबारातली आहे. ढोलकी, खंजिरी, भडंग यात परकं काय आहे? आपण जितकं मराठीत राहू तितकं शेजाऱ्याला कळेल आपण कोण आहोत ते.

कृष्णाकाठ

साताऱ्याच्या ताई, टिळकांबद्दल मला पण आदर आहे. पण आज खटकतंय ते आपलं परकेपण नाही, आज खटकतंय ते आपलं आपलेपणच. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचं गायलं की म्हणतात हे लोकांना फसवायला आमचं घेतात, इंग्रजीत गायलं की म्हणतात परदेशी. मी ब्लेझर घातला तरी शिव्या आणि धोतर नेसलं तरी शिव्या. त्यामुळं लोकांना पटावं म्हणून काही करू नका, आपल्याला खरं वाटतं म्हणून करा. आणि गणपतीची वर्गणी द्यावी का, आरतीला उभं राहावं का यावरनं आपल्यात जी भांडणं चालतात त्यावर पण सांगतो, बायबलमध्ये नामान सेनापतीनं अलीशा संदेष्ट्याला विचारलं की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मला पण वाकावं लागेल, देव क्षमा करेल ना, तर अलीशानं त्याला लेक्चर दिलं नाही, शांतीनं जा एवढंच म्हणाला. मी मंडळाच्या महाप्रसादाला भात वाढतो, आरतीला बाहेर थांबतो, मंडळाच्या पोरांना ते माहीत आहे आणि आजपर्यंत कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

कोर्टातला_माणूस

सिस्टर, चर्चा चांगली चाललीय पण कामाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य याच्या अधीन राहून धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क आहे. 1977 च्या स्टॅनिस्लॉस केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे, हे पण लक्षात ठेवा, कारण समोरचा वकील तेच काढणार. भारतीय न्याय संहितेत कायदेशीर धार्मिक सभेत मुद्दाम व्यत्यय आणणं कलम 300 खाली गुन्हा आहे, परवानगीशिवाय घरात घुसणं तर वेगळंच. 2025 च्या फेब्रुवारीत सरकारनं सक्तीच्या धर्मांतराबाबत पोलीस महासंचालकांची समिती नेमली तेव्हापासून असल्या तक्रारींकडं जास्त बारकाईनं बघितलं जातं, म्हणून तुमची बाजू कागदावर पाहिजे.

दार उघडं ठेवा की लावा तो तुमचा विश्वासाचा प्रश्न, पण पोलीस स्टेशनला साधा अर्ज द्या, की दर गुरुवारी या वेळेत घरी प्रार्थना असते, लाऊडस्पीकर नसतो, अमुक दिवशी असा त्रास झाला. परवानगी मागू नका, माहिती म्हणून द्या, अर्जात 'माहिती' हाच शब्द ठेवा. येणाऱ्यांची नावं लिहू नका, मागितली तरी देऊ नका. तासगावकडचा म्हणतोय ती भीती खरी आहे. अर्ज दोन प्रतीत न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या, आणि घेत नाही म्हणाले तर स्पीड पोस्टानं एसपी ऑफिसला पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

मिरजेची_सिस्टर

धन्यवाद वकीलसाहेब, उद्या ड्यूटी सुटल्यावर अर्ज देते. काका, या गुरुवारी तुम्ही कमिटीतल्या दोघांना घेऊन आमच्याकडं या, चर्चमध्ये हलवायचं की नाही ते तिथं समोरासमोर बोलू. तासगावच्या दादांना पण बोलावलंय. आणि त्या बाईच्या घरी मी स्वतः जाऊन येणार आहे, सभेला ये म्हणायला नाही, पोरगं कसं आहे ते विचारायला. तिला आमच्या दारात यायची भीती वाटत असेल तर तिच्या ओट्यावर बसू.

जुना_मंडळीवाला

येतो. मत बदललेलं नाही, पण येतो.