थंड देशात घराला एसी बसवताना किती खर्च आला? तुमचे अनुभव लिहा

बर्नबी, ब्रिटिश कोलंबिया (धागाकर्ती)

मंडळी, या जूनमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे कॅनडात येताहेत. बाबा ७८ वर्षांचे आहेत, बायपास झालेली आहे. त्यांच्या खोलीला एसी हवाच, हे आमचं ठरलंय. प्रश्न खर्चाचा आहे.

जून २०२१ ची उष्म्याची लाट आम्ही याच घरात काढली. आमच्याच प्रांतातल्या लिटनला २९ जूनला ४९.६ अंश नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव जळून गेलं. आमच्या वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजता ३४ अंश होते. मुलांना ओले टॉवेल पांघरून खाली फरशीवर झोपवलं होतं आणि मी रात्रभर ते टॉवेल बदलत बसले होते. पुढे प्रांताच्या कॉरोनर कार्यालयाने (अनपेक्षित मृत्यूंची चौकशी करणारं कार्यालय) ६१९ मृत्यू उष्म्याचे म्हणून नोंदवले. जवळजवळ सगळे घरातच गेले आणि त्यांत वयस्क माणसंच जास्त होती. तेव्हापासून ‘चार दिवसांचा उन्हाळा, एसी कशाला’ असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

आमचं टाउनहाउस आहे. भिंतीच्या तळाशी विजेवर चालणारे बेसबोर्ड हीटर आहेत, घरभर हवा नेणारे डक्ट नाहीत. दोन खोल्यांसाठी डक्टविना स्प्लिट हीट पंपाची (उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारं एकच यंत्र) तीन कोटेशनं आली: ९,८००, ११,४०० आणि १४,५०० डॉलर. यंत्राची किंमत तिघांचीही चार हजारांच्या आसपास. उरलेले पैसे नेमके कशाचे, हे तुमच्याकडून समजून घ्यायचंय. कृपया नुसता आकडा न देता कशावर किती गेले तेही लिहा.

मिसिसागा, ओंटारिओ

ताई, ‘उरलेले पैसे’ कुठे जातात ते सविस्तर सांगतो. आमच्याकडे ते सगळं झालं.

इकडच्या घरांत बेसमेंटला घर गरम करणारी गॅसची फर्नेस आणि घरभर डक्ट असतात, म्हणून साधा सेंट्रल एसी त्या मानाने स्वस्तात बसतो. फर्नेसच्या डोक्यावर हवा गार करणारी कॉइल, बाहेर उष्णता सोडणारा कंडेन्सर, मध्ये कॉपर पाइप. २०२३ मध्ये मला त्याचं कोटेशन ५,२०० चं होतं. आम्ही मात्र थंड हवामानासाठीचा हीट पंप घेतला, एकूण १५,३००. त्यातले १,९०० निव्वळ वायरिंगचे. आमचं विजेचं पॅनेल १०० अ‍ॅम्पिअरचं, त्यावर ओव्हन, ड्रायर आणि गाडीचा चार्जर आधीच होते. इलेक्ट्रिशियनने बसून घराच्या सगळ्या लोडचा हिशेब मांडला, तेव्हा चार्जरला लोड आवरणारं उपकरण लावून भागलं. २०० अ‍ॅम्पिअर करावं लागलं असतं तर आणखी तीन-चार हजार गेले असते. कोटेशन देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी पॅनेलचं झाकणही उघडलं नव्हतं! तुमच्या ९,८०० वाल्याने उघडलं होतं का, ते आधी विचारा.

केंद्र सरकारच्या ग्रीनर होम्स योजनेतून आम्हाला ५,००० मिळाले. त्यासाठी काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर अशी दोनदा घराची ऊर्जा-तपासणी करून घ्यावी लागली. त्या योजनेत नवे अर्ज घेणं २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं, त्यामुळे कुणी तिच्या भरवशावर कोटेशन देत असेल तर सावध राहा.

आणखी एक. ‘जरा मोठाच घ्या’ हे ऐकू नका. एकाच वेगाने चालणारं मोठं यंत्र दहा मिनिटांत घर गार करून बंद पडतं. हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि अंग चिकचिकतं. आमच्या पहिल्या एसीने आम्हाला सहा वर्षं हेच दिलं.

पुणे

माझी मुलगी कॅलगरीला असते. तिने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा मी तिला म्हणालो, कुणीतरी फसवतंय तुला. मागच्या मे महिन्यात मी कोथरूडच्या घरी दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट घेतला. एसी ४१,००० चा. बसवणावळ, स्टँड आणि जास्तीचा पाइप धरून आणखी ४,२०० रुपये गेले. दोन मुलं आली, अडीच तासांत काम करून चहा पिऊन गेली. तेवढ्याच कामाला तिकडे लाखांत पैसे का?

मिसिसागा, ओंटारिओ

काका, फसवत नसावं कुणी. इथे परवानाधारक माणसाच्या एका तासाला शंभर-सव्वाशे डॉलर पडतात, आणि दोन माणसं दोन दिवस येतात. शिवाय तुमचा दीड टन म्हणजे ताशी १८,००० बीटीयू (उष्णतेचं माप), तो फक्त गारवा देतो. इथलं यंत्र उणे २५ अंशांतही घर गरम ठेवायला बनवलेलं असतं. पंपाची ताकद थंडीबरोबर घटत जाते, म्हणून माप उन्हाळ्याचं नाही, हिवाळ्याचं धरतात. बाहेरचा युनिट बर्फाच्या वर राहील अशा उंच स्टँडवर ठेवावा लागतो आणि वितळलेलं पाणी तळाशी गोठू नये म्हणून तिथेही छोटा हीटर असतो.

सिअ‍ॅटल

२०२१ ला इथे १०८ फॅरनहाइट झालं होतं. त्या आठवड्यात कुठल्याही दुकानात खिडकीचा एसी नव्हता. ऑक्टोबरमध्ये तीन खोल्यांसाठी काम करून घेतलं, १३,६०० डॉलर. सगळ्यांना सांगते, मे-जूनमध्ये कोटेशन मागू नका. त्याच माणसाने जुलैत मला १६,००० सांगितले होते. हीट पंपावरची केंद्राची ३० टक्क्यांची, जास्तीत जास्त २,००० डॉलरची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, तीही आता धरू नका.

स्टुटगार्ट, जर्मनी

आमच्याकडे पैशापेक्षा परवानगी महाग पडली.

भाड्याच्या घरात असताना मालकांनी भिंतीला भोक पाडू दिलं नाही. मग ४२० युरोंचा चाकांवरचा एसी आणला. इथल्या खिडक्या आतल्या बाजूला उघडतात आणि वरून तिरक्या होतात. गरम हवेचा जाडजूड पाइप बाहेर काढायचा तर त्या फटीला झिपवालं कापड चिकटवावं लागतं. एकाच पाइपचं यंत्र खोलीतली हवा बाहेर फेकतं, आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटींतून आत येते. २०२२ च्या जुलैत खोली ३१ वरून २८ वर यायची, आणि आवाज इतका की बाळ दचकून उठायचं. ते ४२० युरो मी वाया गेलेच धरते.

नंतर स्वतःचा फ्लॅट घेतला. तरी बाहेरची भिंत सगळ्यांची, म्हणून मालकांच्या सभेत ठराव लागतो. सभा वर्षातून एकदा, आणि आमचा अर्ज विषयपत्रिका निघाल्यावर पोचला. अख्खा उन्हाळा हातचा गेला. मी सात महिन्यांची गरोदर होते, त्या ऑगस्टची आठवण अजून नकोशी वाटते. पुढच्या वर्षी आवाजाच्या पातळीचा कागद जोडून दिला, तेव्हा मंजुरी मिळाली. यंत्र १,१५०, एकूण बिल ३,६०० युरो. एसीतल्या गॅसचं काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. आमचा कारागीर पाइप जोडून झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून बसला, मग गळती नाही ना हे कळायला काटा हलतो का ते अर्धा तास न बोलता पाहत राहिला. त्या अर्ध्या तासाचे पैसे मी आनंदाने दिले.

एक स्वस्त उपायही लिहिते: खिडकीच्या बाहेरून खाली येणारे रोलाडन सकाळी आठच्या आत पाडा. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसं काही होत नाही.

रेडिंग, इंग्लंड

माळ्यावरच्या बेडरूमला एकच युनिट, २,३५० पौंड. १९ जुलै २०२२ ला कॉनिंग्जबीला ४०.३ अंश झाले, त्या दिवशी आमचा माळा ३८ वर होता. वर्षातून वीस-पंचवीस दिवस लागतो, पण ते दिवस निभतात. त्याच यंत्रावर हिवाळ्यात तेवढी एक खोली गरम करता येते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

गोथेनबर्ग, स्वीडन

इथे एसी म्हणून कुणी घेतच नाही. घर गरम ठेवायला हवेचा पंप घेतात, ‘लुफ्तवॅर्मेपुम्प’ म्हणतात. आमचा सगळा मिळून २४,००० क्रोनांत बसला, आणि मजुरीवर ‘रूट’ची (ROT, घरकामाच्या मजुरीवरची सरकारी करसवलत) सूट थेट बिलातच वजा झाली. रिमोटवर हिमकणाचं चिन्ह दाबलं की तोच उन्हाळ्यात गार हवा देतो.

बर्नबी, ब्रिटिश कोलंबिया (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघांनाही फोन केले. ९,८०० वाल्याने पॅनेल पाहिलंच नव्हतं, वायरिंगचे १,७०० वेगळे सांगितले. ११,४०० मध्ये वायरिंग, परमिट आणि व्हॅक्यूमची चाचणी सगळं धरलेलं आहे, त्याला होकार कळवला. स्ट्राटाकडे (आमच्या टाउनहाउसांच्या मालकांची संस्था) अर्ज गेला, स्टुटगार्टच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आवाजाचा कागद जोडून. त्यांची बैठक १९ तारखेला आहे. बाबांच्या पलंगाची जागा बदलतेय, हवा थेट छातीवर यायला नको.