स्थिरचित्रात कवटी हवीच का?

बाभूळझाड: परवा एका समूह प्रदर्शनाला गेलो होतो. चौदा स्थिरचित्रं, म्हणजे टेबलावर मांडलेल्या वस्तूंची चित्रं. पाचांत कवटी, दोनांत विझलेली मेणबत्ती, एकात वाळूचं घड्याळ. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी 'सगळं नश्वर आहे' हे सांगायला हीच सामग्री मांडली होती. पीटर क्लाझची कवटी आणि शेजारी आडवा पडलेला काचेचा पेला आठवा. त्यांच्या प्रेक्षकाला ती भाषा पाठ होती. पण डोंबिवलीत वाळूचं घड्याळ असतं कोणाच्या घरी? माझं मत असं, की वस्तू नीट बघून रंगवा, अर्थ तिच्यामागून येतो. इटालियन चित्रकार कॅराव्हाजोची फळांची टोपली (साधारण १५९९) घ्या. सफरचंद किडकं, पानं करपलेली. झालं की सगळं सांगून!

तिरकस तिठा: फोटो काढा मग. स्वस्त पडेल.

कवडसा: साफ अमान्य. किडकं सफरचंद नुसतं 'बघितलं' म्हणून आलं? बाजारात चांगली सफरचंदंही असणारच, त्याने हे निवडलं. निवड आली की प्रतीक आलंच. आणि ज्या डच वास्तववादाचं आपण कौतुक करतो, त्यातले फुलांचे गुच्छ बघा. वसंतातला ट्यूलिप आणि त्यानंतर कितीतरी उशिरा फुलणारी फुलं एकाच फुलदाणीत! वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासचित्रांवरून जुळवलेली. म्हणजे पाकळीवरचा दवबिंदू खरा, गुच्छ खोटा.

दुसरं, आपल्याकडे कोरी वस्तू आणायची कुठून? सोललेलं लिंबू डच टेबलावर शोभतं. इथे त्याच्या शेजारी मिरची ठेवा, बघणारा लगेच दाराकडे बघेल. तांब्या ठेवा, कलश होतो.

बाभूळझाड: तांब्याचं पटलं. पण इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरला आम्ही तोच तांब्या काढायचो, तेव्हा डोक्यात फक्त त्याची लंबवर्तुळं असायची, बाकी काही नाही.

सुबकठेंगणी: आपल्या आजच्या चित्रकारांतल्या सुबोध गुप्तांबद्दल कोणीच कसं बोललं नाही? स्टीलची भांडी, भल्यामोठ्या कॅनव्हासवर, लखलखीत. चकाकी बघाल तर पक्का वास्तववाद, आणि त्याच रॅकवर मध्यमवर्गाची अख्खी हौस मांडलेली. दोन्ही बाजू एकाच चित्रात बसतात की.

बाभूळझाड: बसतात, कारण ती भांडी त्यांच्या स्वयंपाकघरातून आली. कवटी पुस्तकातून येते, तक्रार एवढीच आहे.

कोरा कागद: बरव्यांना विसरलात. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत पान, घड्याळ टेबलावर नसतातच, सपाट मोकळ्या जागेत तरंगतात. 'याचा अर्थ काय' विचारलं की चित्र मिटून बसतं. तिथे ना हा वाद लागू, ना तो.

रविवारचा क्लास: मी शिकवतो, म्हणून थोडं हातचं सांगतो. स्टीलची वाटी रंगवायला दिली की मुलं आधी करड्या रंगाची ट्यूब पिळतात. वाटीत करडं फार थोडं असतं. खिडकी असते, ट्यूबलाइटची वाकडी रेघ असते, रंगवणाऱ्याचा लाल टी-शर्ट असतो. हे दिसायला दोन तास जातात. मोबाइलवर फोटो काढून चौकटी पाडून उतरवणाऱ्याला ते दिसत नाही, कारण फोटोने चकाकी आधीच पांढरी करून टाकलेली असते. तिठा यांना हेच उत्तर.

प्रतीकाचं म्हणाल, तर मागे नारळ ठेवला होता. मी मुद्दाम आडवा ठेवला, पूजेतला वाटू नये म्हणून. चहा घेऊन आलो तर एका मुलीने तो शेंडी वर करून उभा केलेला. पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा.

कवडसा: बघा! 😄

बाभूळझाड: मग रंगवला कसा?

रविवारचा क्लास: उभाच. फार हळू काम करते ती, नारळ अजून तिथेच आहे. काल धूळ पुसताना सहज हलवून बघितला, आतलं पाणी वाजत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.