प्रति: ठाण्यात पाहुण्यांना काय दाखवायचं?

तलावपाळी आणि उपवन ही दोन तळी सोडली तर ठाण्यात दाखवण्यासारखं काही नाही, हे एका उत्तरात वाचलं. अजिबात पटलं नाही. पलीकडे ऐरोलीला ठाणे खाडी आहे की! २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला.

फक्त जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटी त्यावरच सुटतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी नेरुळच्या पाणथळांकडे उडतात. मार्चमध्ये आईला घेऊन गेले तेव्हा पाणी नुकतंच उतरत होतं. शेकडो रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) माना खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळत होते. इंजिन बंद केल्यावर त्यांचा बदकांसारखा कलकलाट ऐकू आला. आईने माझा हात घट्ट धरला होता, धक्क्याला लागेपर्यंत.