बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणजे नक्की काय भानगड?

प्रश्न: ओळखीतल्या एका काकांचा ग्रुप इतकी वर्षं ओ म्हणूनच चालला, आता ऑपरेशनआधी क्रॉसमॅच (दात्याचं रक्त काकांच्या रक्ताशी जुळवून बघणं) केलं तर ओ ची एकही बाटली जुळेना, लॅबवाले म्हणतात बॉम्बे ग्रुप, म्युटेशनमुळे (जीनमधल्या बदलामुळे) होतो. हा आजार आहे का? मुलांना पण येणार?

उत्तर १: आजार नाही हो, माणूस ठणठणीत असतो. ए आणि बी अँटिजेन (लाल पेशींवरच्या ग्रुप ठरवणाऱ्या खुणा) ज्या एच नावाच्या मूळ खुणेवर तयार होतात तो एचच यांच्या पेशींवर नसतो, एच बनवणाऱ्या एफयूटी१ जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या. साध्या टेस्टला ए नाही बी नाही म्हणून ओ लिहून मोकळे होतात, पण ओ रक्तात एच भरपूर आणि काकांच्या अंगात अँटी-एच (एच असलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी), चढवलं तर जीवावर बेतू शकतं. १९५२ ला डॉ. भेंडे वगैरेंनी मुंबईत शोधला म्हणून हे नाव.

उत्तर २: मुलांना एक बिघडलेली कॉपी जाणारच, पण काकूंकडून चांगली आली की काही प्रॉब्लेम नाही. नात्यातलं लग्न असेल तर चान्स वाढतो. रक्तासाठी आधी सख्खी भावंडं तपासा, प्रत्येकाला २५% तरी शक्यता असते.

उत्तर ३: आणि बी चा जीन आत लपलेला असू शकतो बरं का! "ओ" (खरं तर बॉम्बे) बाप, ओ आई आणि मुलगा बी निघाला तर उगाच कुजबुज नको 😄